चार लाख नऊ हजार एकशे एकोणसाठ फरश्या

फरशीवाल्या आत्याचं जमिनीशी जे सख्य होतं, ते पुष्कळांचं सख्ख्या भावंडांशीही नसतं. कुठल्याही घरात शिरली की ती आधी माणसांकडे नाही, पायाखाली बघायची. बशीतला चहा कुठल्या कडेला सरकतोय यावरून घराचा कोणता कोपरा खचलाय ते सांगायची, आणि चहा पाजला म्हणून कोपऱ्याबद्दल गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. एकदा एका इस्पितळाच्या दालनात डोळे मिटून, अनवाणी चालत तिने हजारभर फरश्यांतली केसाएवढी वर आलेली एक फरशी अंगठ्याने हुडकून काढली होती. बघणारे म्हणतात केसाएवढी. ती स्वतः म्हणायची, अर्ध्या केसाएवढी, आणि तेही बारीक केसाच्या माणसाच्या. सगळं शहर तिला आत्याच म्हणायचं, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. हाताखाली तीस जणांची टोळी, कमरेला दोरी, हातात थापी, आणि जिभेला लगाम घालायचा राहूनच गेलेला.

शहराच्या अध्यक्षांना चौक सुचला तो दाढी करताना. नगरपालिकेसमोर धुळीचं मोठं मैदान होतं. शिरगणती नुकतीच संपली होती आणि शहराची माणसं भरली होती चार लाख नऊ हजार एकशे एकोणसाठ. अध्यक्षांनी अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून सज्जात येऊन सांगितलं, की या मैदानावर माणसामागे एक अशा तळहाताएवढ्या चौकोनी फरश्या बसतील. एकही फरशी कापायची नाही, एकही उरायची नाही, कुठे फट नको, चारही कडा सरळ. फुटपट्टीने आखल्यासारख्या. "चौक म्हणजे यादी आणि यादी म्हणजे चौक," असं ते म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी ते वाक्य भिंतीभिंतीवर रंगवून घेतलं.

फरश्या बसवायचं काम आत्याला मिळालं. दुसरं कोणी होतंच कुठे? फरश्या भाजायचं काम गेलं भट्टीच्या आळीला. ही आळी शहराच्या अगदी शेपटाला. तिथे आत्याचा थोरला भाऊ भट्टी चालवायचा, आळीतली झाडून सगळी माणसं मातीत हात घालायची, आणि आत्याही तिथेच राहायची. शिरगणती करणारा कारकून चालून चालून तिथे सगळ्यांत शेवटी पोचला होता, म्हणून यादीच्या शेवटच्या पाच पानांवर आळीची नावं होती. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. यादीला शेवट असतो, आणि शेवटी कुणीतरी असायचंच.

आता ओळी किती आणि ओळीत फरश्या किती, हे ठरवायचं काम इंजिनियरचं. हा इंजिनियर सज्जन होता, पण त्याचा जीव होता एका पुस्तिकेत. त्याच्या गुरुजींनी त्याला दिलेली, खिशात मावणारी, कडा कुरतडलेली. पुढचं पुठ्ठ्याचं पान केव्हाच गळून पडलेलं. आत मूळ संख्यांची यादी होती: म्हणजे दोन, तीन, पाच, सात, अकरा अशा हेकट संख्या, ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही. यादी चारशे नव्व्याण्णवला संपायची आणि खाली छापलं होतं, की यांतल्या एकाही संख्येने भाग गेला नाही, तर समजावं की समोरची संख्याही मूळ आहे. इंजिनियरने मान खाली घातली आणि भागायला सुरुवात केली. दोनाने जाईना. तीनाने जाईना. पाचाने तर बघायलाच नको. असे त्याने एकूण पंचाण्णव भागाकार पुरे केले. त्यात अकरा पेन्सिली, एक टेबलाचा पाय आणि शेजाऱ्यांशी असलेले चांगले संबंध खर्ची पडले. दरवेळी बाकी उरायचीच. चारशे नव्व्याण्णवशी पोचल्यावर त्याने पुस्तिका मिटली आणि अध्यक्षांना सांगितलं, की साहेब, आपल्या शहराची संख्या मूळ आहे. हिच्या फरश्या एकाच ओळीत मांडता येतील.

अध्यक्ष म्हणाले, मग मांडा की. इंजिनियर म्हणाला, ओळ एकेचाळीस किलोमीटर लांब होईल. चौक इथे सुरू होईल आणि दोन शहरं ओलांडून तिसऱ्याच्या भाजीबाजारात संपेल.

मग अध्यक्षांनी विचारलं, एखादं माणूस कमी केलं तर? इंजिनियरने तेही करून पाहिलं होतं. एक माणूस वगळलं की चोपन्न ओळी व्हायच्या, प्रत्येकीत सात हजार पाचशे सत्त्याहत्तर फरश्या. साडेपाच मीटर रुंद आणि पाऊण किलोमीटर लांब. त्यावर विमान उतरवता आलं असतं, उभं राहून भाषण करता आलं नसतं. शेवटी इंजिनियरने भीत भीत दोन वाटा सांगितल्या. सहाशे चाळीस ओळी, प्रत्येकीत सहाशे चाळीस, असा पुरा चौरस करायचा, तर चारशे एक्केचाळीस माणसं कमी पडतात. सहाशे चाळीस ओळींत सहाशे एकोणचाळीस घेतल्या, तर एकशे नव्व्याण्णव माणसं जास्त होतात. अध्यक्षांनी क्षणभर डोळे मिटले. नसलेली माणसं यादीत घालणं म्हणजे लबाडी, ते म्हणाले, आणि लबाडी आपल्याला चालत नाही. असलेली काढणं म्हणजे दुरुस्ती. आणि चौक म्हणजे यादी, तेव्हा दुरुस्ती दोन्हीकडे झाली पाहिजे.

भट्टीवर कागद आला तो सकाळी, माती मळून झाली होती तेव्हा. आत्याच्या भावाने तो वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला. लिहिलं होतं, की चार लाख आठ हजार नऊशे साठाव्या फरशीला भट्टी थांबवावी. भाऊ म्हणाला, बरंय, एकशे नव्व्याण्णव फरश्यांचा घाम वाचला. पण वहिनी, म्हणजे त्याची बायको, साच्यातून हात काढून उभी राहिली. वहिनीचा आवाज असा, की ती भट्टीच्या तोंडाशी उभी राहून रागावली तर फरश्या लाकडांवाचून भाजून निघत. या वेळी मात्र ती हळू बोलली, आणि म्हणूनच सगळे घाबरले. तिने बोटांवर आळी मोजली. वरच्या घरापासून नाल्याकडच्या घरापर्यंत, पाळण्यातली दोन धरून, खाटेवरचे आजोबा धरून. मोजून झाल्यावर ती आत्याकडे वळली.

"वन्सं, एकशे नव्व्याण्णव म्हणजे आपणच की हो."

तासाभरात खात्री झाली. नगरपालिकेतल्या कारकुनाने यादीच्या शेवटच्या पाच पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ ओढली होती. त्याने समजुतीने सांगितलं, की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, माणसं आहेत तिथेच राहतील, फक्त शहरात नसतील. नळ शहरात असतो. शाळेचा दाखला शहराचा असतो. आणि शहरात नसलेली माणसं जर शहराच्या जागेवर आढळली, तर त्यांना उठवायचं एक वेगळं खातं आहे, ते शेजारच्या खोलीत बसतं.

आत्या तशीच इंजिनियरच्या खोलीत शिरली. नेहमीप्रमाणे आधी जमिनीकडे पाहिलं आणि तुमची ही फरशी पोकळ आहे असं सांगून टाकलं, मग मान वर केली. इंजिनियरने खुर्ची दिली. ती बसली नाही. त्याने पंचाण्णव भागाकारांचे कागद दाखवले, पुस्तिका दाखवली, आणि खरंच डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की आत्या, माझा काही दोष नाही, ही संख्याच कुणाचं ऐकत नाही.

आत्या म्हणाली, की आमच्या धंद्यात कुणी भागाकार करत नाही. फरश्यांचा ढीग पडला की आम्ही तो मावेल एवढा लहानात लहान चौरस आखतो, आणि भोक केवढं राहतं ते बघतो. भोक बघितल्याशिवाय ढिगाला नावं ठेवायची नाहीत. तर सांगा साहेब, पुऱ्या चौरसाला किती कमी पडतात?

"चारशे एक्केचाळीस," इंजिनियर म्हणाला. "पण तेवढी माणसं आणायची कुठून?"

आत्या निघाली, जिन्याच्या चौथ्या पायरीवर आली आणि तिथेच थांबली. मागून येणारे दोघे तिच्यावर आदळले. तिने उभ्या हयातीत नाही म्हटलं तरी तीनशे न्हाणीघरं केली असतील. शहरातल्या अर्ध्याअधिक न्हाणीघरांचं माप एकच: एकवीस फरश्या या बाजूने, एकवीस त्या बाजूने. तळहाताएवढ्या फरश्या घेतल्या, तर एका न्हाणीघराला किती लागतात, हे तिला झोपेत विचारलं तरी ती सांगत असे. चारशे एक्केचाळीस. म्हणजे एवढ्या मोठ्या चौरसाला पडलेलं भोक हेही एक नीट चौरस भोक होतं. कोपऱ्यात ढकललं तर एका न्हाणीघराएवढं.

ती पायरीवरच खाली बसली आणि हसायला लागली. जाणारे-येणारे बाजूने वळसा घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदरात फरश्या घेऊन इंजिनियरकडे हजर. त्याचं टेबल तिने भिंतीला सारलं आणि जमिनीवर मांडायला बसली. दहा ओळी, प्रत्येकीत दहा, पण एका कोपऱ्यात तीन बाय तीन एवढं भोक. फरश्या झाल्या एक्क्याण्णव. तिने त्याला विचारलं, ही संख्या तुमच्या पुस्तिकेत आहे का? त्याने चाळून पाहिलं, नव्हती. का नव्हती ते आता बघा, असं म्हणून तिने भोकाच्या बाजूच्या तीन तोकड्या ओळी, प्रत्येकीत सात फरश्यांची अशी ती पट्टी, दोन्ही तळव्यांनी अलगद उचलल्यासारखी सरकवली, आडवीची उभी केली आणि उरलेल्या सात पुऱ्या ओळींच्या बाजूला टेकवली. भोक गेलं. सात ओळी, प्रत्येकीत तेरा. चारही कडा सरळ.

इंजिनियर गुडघ्यांवर बसला होता. त्याने कागद ओढला. सहाशे चाळीसचा चौरस, कोपऱ्यात एकवीसचं भोक. पुऱ्या ओळी सहाशे एकोणीस. तोकडी पट्टी वळवून बाजूला लावली की प्रत्येक ओळीत सहाशे चाळीस अधिक एकवीस, सहाशे एकसष्ट. त्याने सहाशे एकोणीसला सहाशे एकसष्टने गुणलं. मग, स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून, उलटं गुणलं. दोन्ही वेळा चार लाख नऊ हजार एकशे एकोणसाठ. कमी नाही, जास्त नाही.

"मूळ नाहीये ही," तो पुटपुटला. "पण पुस्तिका..."

तुमच्या पुस्तिकेला पुढचं पान नाही, आत्याने दाखवलं. ते शोधायला इंजिनियरला दुपार लागली. घरी, गुरुजींच्या फोटोच्या चौकटीत, फोटो हलू नये म्हणून मागे सारलेला पुठ्ठा तोच होता. त्यावर ठसठशीत छापलं होतं, की ही पुस्तिका अडीच लाखांपर्यंतच्या संख्यांसाठी आहे. त्यापुढच्या संख्यांसाठी पुढे भागत राहावं. पुढे म्हणजे किती? त्याने मोजलं. चारशे नव्व्याण्णवनंतर आणखी एकोणीस मूळ संख्या ओलांडल्या असत्या, तर एकोणिसावी सहाशे एकोणीस होती आणि तिने भाग गेला असता. एकोणीस भागाकारांच्या आळसापायी एकशे नव्व्याण्णव माणसं शहराबाहेर गेली होती. इंजिनियर दुसऱ्या दिवशी जेवला नाही, हे त्याच्या बायकोने सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवला, हेही तिनेच सांगितलं.

तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना गणित कळलं, हीच तर अडचण होती. ते म्हणाले, की चूक झाली असेल, पण दुरुस्ती वर कळवून झाली आहे, आणि मी दुरुस्तीची दुरुस्ती करणारा माणूस नाही. चौक सहाशे चाळीस बाय सहाशे एकोणचाळीसचाच होईल. तसा लेखी हुकूम आत्याला द्या.

इंजिनियरने हुकूम आणून आत्याच्या हातात ठेवला. आत्याने तो वाचला, घडी केली आणि हलणाऱ्या पाट्याखाली पाचर म्हणून सारला. मग तिने विचारलं, साहेब, तुम्ही टेप लावून बघायला किती वेळा येणार? इंजिनियर म्हणाला, की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गटार बारा वर्षांत कुणी तपासलेलं नाही. ते फार लांब गटार आहे, दोन महिने सहज लागतील. आणि सज्जातून बघणाऱ्या माणसाला दोन मीटरचा फरक डोळ्यांनी कळत नाही, असं माझं शास्त्र सांगतं.

त्याच दिवशी आत्याने मैदानाच्या रस्त्याकडच्या कडेला दोरी बांधली आणि पहिली ओळ टाकली. सहाशे एकसष्ट. एकदा पहिली ओळ सहाशे एकसष्टची पडली, की पुढची प्रत्येक ओळ तिच्यामागून चालणार. फरश्यांना हुकूम वाचता येत नाहीत. टोळीतल्या एकाने विचारलं, की आत्या, भट्टीवरून येणाऱ्या फरश्या या हिशेबाला पुरायच्या नाहीत, शेवटी काय करायचं? ती म्हणाली, शेवटी काय करायचं ते शेवटच्या ओळीला ठरवू दे.

आळीत तिला सगळ्यांनी पाठिंबा दिला असं मुळीच नाही. भाऊ चिडला. त्याने तिला सांगितलं, की आपण हात जोडून गेलो तर दहावीस नावं तरी परत घेतील. तू ताठ उभी राहिलीस तर आख्ख्या आळीला उठवतील. आत्या म्हणाली, "दादा, कुठली दहावीस, ते तू निवडून दे मला." भाऊ भट्टीकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत लाकडं सारत बसला. पण चार लाख आठ हजार नऊशे साठावी फरशी साच्यातून निघाली तेव्हा त्याने भट्टी थांबवली नाही. तो वहिनीला म्हणाला, माती शिल्लक आहे, सुकून जाईल. वहिनीने आळीला हाक मारली. ज्याने त्याने आपापली फरशी स्वतः दाबली. खाटेवरच्या आजोबांनी तर पहिल्या दोन नापास केल्या, कडेला पोपडा दिसतो म्हणून, आणि तिसरीवर समाधान मानलं. त्या एकशे नव्व्याण्णव फरश्या नगरपालिकेच्या गाडीत चढल्या नाहीत. घराघरांत राहिल्या.

आत्याची टोळी रस्त्याकडून नगरपालिकेच्या पायऱ्यांकडे सरकत गेली. अध्यक्ष रोज सज्जात येऊन मान डोलवत. एकदा त्यांना वाटलं की चौक जरा रुंद दिसतो. त्यांनी चष्मा बदलला. उद्‌घाटनाच्या सकाळी सहाशे अठरा ओळी पुऱ्या झाल्या होत्या, आणि शेवटची, सहाशे एकोणिसावी, थेट पायऱ्यांच्या पायथ्याशी होती. गाडीतून आलेल्या फरश्यांपैकी हातात उरल्या चारशे बासष्ट. आत्याने त्या दोन्ही टोकांकडून आत लावत आणल्या, आणि मधे, बरोबर पायऱ्यांसमोर, एक फरशी रुंद आणि जवळजवळ वीस मीटर लांब असा मातीचा पट्टा उघडा राहिला. दात पडलेल्या तोंडासारखा.

पाहुणे म्हणून शेजारच्या तीन शहरांचे अध्यक्ष आले होते. तिघांनाही या चौकाचं वर्णन वर्षभर ऐकावं लागलं होतं, त्यामुळे तिघंही दोष काढायच्या तयारीने आले होते, आणि तो त्यांना पहिल्याच पायरीवर सापडला. त्यांच्यातला सगळ्यांत जाडा वाकून म्हणाला, ही फट ठेवायची नवीन पद्धत आहे का? आपल्या अध्यक्षांनी हसत हसत, दातांच्या आतून, गालिचा टाकायला सांगितलं. नगरपालिकेत एकच गालिचा होता आणि तो बारा मीटरचा होता. तो पट्ट्यावर टाकल्यावर तर फट जास्तच उठून दिसायला लागली.

तेवढ्यात गर्दीतून इंजिनियर पुढे आला. गटाराच्या कामावरून तो थेट आला असावा, कारण लोकांनी त्याला मोठ्या आदराने वाट करून दिली. अध्यक्षांनी त्याला दबक्या आवाजात विचारलं, किती कमी आहेत? त्याने दबक्या आवाजात उत्तर द्यायला हवं होतं. पण पंचाण्णव भागाकार आणि दोन महिन्यांचं गटार, माणसाचा आवाज कुठेतरी मोकळा होतोच.

"एकशे नव्व्याण्णव, साहेब. ओळीत सहाशे एकसष्ट, ओळी सहाशे एकोणीस. यादी पुरी असती, तर चौक पुरा असता."

ते चौकभर ऐकू गेलं. आणि भिंतीवर, गर्दीच्या डोक्यांवर, अध्यक्षांचंच वाक्य पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. लोकांनी मान वर करून ते वाचलं, मान खाली करून मातीचा पट्टा पाहिला. कुणीतरी हसलं. मग कुणी हसेनासं झालं, आणि ते अध्यक्षांना अधिक वाईट वाटलं.

रस्त्याकडच्या कडेने आळी येत होती. पुढे वहिनी, मागे बाकीचे, खाटेसकट आजोबा. प्रत्येकाच्या हातात एक फरशी, आत्याची वहिनीकडे, आणि पाळण्यातल्या दोघांच्या त्यांच्या आयांच्या हातात. भाऊ सगळ्यांत मागे होता, पण होता. पट्ट्याशी पोचल्यावर सगळे थांबले. अध्यक्षांनी चेहऱ्यावर एकदम माया आणली आणि म्हणाले, छान, छान, चटकन बसवून टाका.

आत्या पट्ट्यात उतरून उभी राहिली. उघड्या मातीत, दोन्ही पाय रोवून.

"आधी यादी," ती म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, ते कागदाचं काम आहे, नंतर बघू. आत्या म्हणाली, हे मातीचं काम आहे, तेही नंतर बघू. अध्यक्षांनी तिला आठवण करून दिली, की बाई, तुम्ही लेखी हुकूम मोडला आहे आणि याचा जाब द्यावा लागेल. तिने कबूल केलं. मोडला आहे, ती म्हणाली, आणि तो मोडून त्याच्या जागी जे बसवलंय ते तुमच्या पायाशी आहे, चारही कडा तपासून घ्या. कापलेली एक फरशी दाखवा, मी थापी खाली ठेवते. तीन पाहुण्यांपैकी जाड्याने खरंच कडा तपासायला सुरुवात केली. तो चौकाला पुरी फेरी मारून घामाघूम होऊन परतला आणि मनाविरुद्ध म्हणाला, सरळ आहेत बुवा.

ऊन चढत होतं. अध्यक्षांनी पट्ट्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि कारकुनाला खूण केली.

यादी पायरीवर आणली गेली. कारकुनाने तांबडी रेघ खोडायला घेतली, तर आत्याने त्याला अडवलं. खोडाखोड नको, ती म्हणाली. खोडलेल्या जागेवर उद्या कुणी बोट ठेवील. कोरी पानं घ्या आणि नव्याने लिहा. मग वहिनीने नावं सांगायला सुरुवात केली, वरच्या घरापासून. तिचा आवाज पाहता कारकुनाला परत विचारायची गरज पडली नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या लोकांनीही ती नावं लिहून घेतली असती तर चुकली नसती. प्रत्येक नाव लिहून झालं की तो माणूस पट्ट्यात उतरायचा, आत्या थापीने जागा दाखवायची, आणि फरशी बसायची. आजोबांनी खाटेवरूनच हात लांब केला आणि आपली फरशी स्वतः ठेवली, अंमळ वाकडी. आत्याने ती सरळ केली. त्यांनी परत वाकडी केली. तिने परत सरळ केली.

दीड वाजता एकशे नव्व्याण्णवावी बसली. हातात एकही उरली नाही.

अध्यक्षांना आता कुठे सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी घाईघाईने पायऱ्यांच्या बाजूच्या दगडावरचा पडदा ओढला आणि ओढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की त्यावर चार लाख आठ हजार नऊशे साठ असं इंचभर खोल कोरलेलं आहे. त्यांनी पडदा परत टाकायचा प्रयत्न केला, तो अडकला. ते आत्याजवळ आले आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, की आत्या, हा दगड तेवढा आजच्या आज बदलता येईल का, कुणी पाथरवट आहे का ओळखीचा?

"आहे की," आत्या थापी पुसत म्हणाली. "आमच्याच आळीतला आहे, शेवटून तिसरा. आत्ताच त्याचं नाव लिहिलंय. शाई वाळली की येईल."

आणि ती पायऱ्यांवर, अध्यक्षांच्या खुर्चीच्या शेजारी, यादीचं ते पान मांडीवर घेऊन, वाळेपर्यंत बसून राहिली.